कामाचा मेसेज कचऱ्यात बुडतोय? मोबाईलच्या कटकटीत या चुका टाळा

जून लागला की मराठवाड्यात मोबाईलला उसंत नसते. पावसाचे अंदाज, पीकविम्याची मुदत, ई-पीक पाहणी, सोयाबीनचा भाव, आणि या सगळ्याच्या मधोमध गठ्ठ्यानं येणारे शुभ सकाळचे फोटो. त्यात कर्जाच्या जाहिरातींचे फोन. यावर माणूस बहुधा दोनच गोष्टी करतो. एकतर दिवसभर सगळं बघत बसतो, नाहीतर वैतागून सगळंच बंद करतो. दुसरी चूक जास्त महागात पडते, म्हणून आधी तिच्याबद्दल.

वैतागून सगळंच म्यूट करणं

मान्सूनच्या आधी आणि परतीच्या पावसात आपल्याकडे वीज पडून माणसं आणि जनावरं दगावतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेनं यासाठी 'दामिनी' हे ॲप तयार केलंय. आपल्यापासून 20 ते 40 किलोमीटरच्या परिघात वीज पडत असेल तर ते इशारा देतं. पण फोन 'डू नॉट डिस्टर्ब'वर, लोकेशन बंद आणि बॅटरी सेव्हर चालू असेल, तर हा इशारा शेतात उभ्या असलेल्या माणसापर्यंत पोचेल याचा भरवसा नाही. सेटिंगमध्ये जाऊन दामिनीचं नोटिफिकेशन आणि लोकेशन चालू ठेवा आणि त्या ॲपवरचं बॅटरीचं बंधन काढा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या आणि सालगड्याच्या फोनमध्येही हे स्वतः करून द्या. नुसतं सांगून होत नाही.

गप्प करायचंय ते ग्रुपला. ग्रुपच्या नावावर दाबून ठेवा, म्यूटमध्ये 'ऑलवेज' निवडा आणि मग तो अर्काईव्ह करा. भावकीच्या ग्रुपमधून बाहेर पडलं की रुसवेफुगवे होतात, म्यूट केलेलं मात्र कुणालाच कळत नाही. गावाचा, कृषी सहायकाचा आणि मुलांच्या शाळेचा ग्रुप तेवढा वाजता ठेवा. रोज नवनव्या ग्रुपात कुणीही ओढत असेल तर प्रायव्हसीमधल्या 'ग्रुप्स'मध्ये 'माय कॉन्टॅक्ट्स' करा.

स्टोरेज भरलं म्हणून 'क्लिअर डेटा' दाबणं

ई-पीक पाहणीसाठी बांधावर उभं राहून फोटो काढायचा आणि नेमकं तेव्हाच फोन म्हणतो, जागा नाही. घाईत कुणी व्हॉट्सॲपच काढून टाकतं, कुणी 'क्लिअर डेटा' दाबतं. बॅकअप नसेल तर व्यवहाराचे हिशेब, पावत्यांचे फोटो, सगळ्या गप्पा गेल्या. त्याऐवजी 'स्टोरेज अँड डेटा'मधल्या 'मॅनेज स्टोरेज'मध्ये जा. तिथं मोठे व्हिडिओ आणि वारंवार फॉरवर्ड झालेल्या फाइली वेगळ्या दिसतात, तेवढ्याच पुसा. मग मीडिया ऑटो-डाउनलोड मोबाईल डेटा आणि वाय-फाय या दोन्हींवर बंद करा. एवढं केलं तरी रोजचं नेटपॅक संध्याकाळपर्यंत पुरतं.

धरण आणि भूकंपाचे मेसेज पुढं पाठवणं

ही चूक मला सगळ्यात जास्त सलते. नाथसागर, म्हणजे जायकवाडी धरणाचा जलाशय, भरत आला की 'जायकवाडीचे सगळे 27 दरवाजे उघडले' असे व्हिडिओ फिरायला लागतात. पाणी खरं असतं, धरणही तेच असतं, पण व्हिडिओ कोणत्या वर्षाचा, ते कुठंच लिहिलेलं नसतं. गोदाकाठच्या गंगाखेड-नांदेडकडच्या लोकांची त्यामुळं दोन्हीकडून फसगत होते. खोट्या मेसेजवर धावपळ होते, आणि दोनदा फसलेला माणूस तिसऱ्यांदा खरा इशारा आला तरी उठत नाही. पाणी सोडल्याची खात्री जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाकडून करून घ्या, क्रमांक 1077.

भूकंपाचंही तसंच. 30 सप्टेंबर 1993 ची किल्लारीची पहाट लातूर-धाराशिवच्या घराघरात अजून जिवंत आहे. 10 जुलै 2024 ला हिंगोली भागात 4.5 तीव्रतेचा धक्का बसला, तो नांदेड-परभणीतही जाणवला. अशा धक्क्यानंतर 'आज रात्री अमुक वाजता मोठा येणार' असा मेसेज आला तर तो खोटाच समजा. भूकंपाची तारीख आणि वेळ आधी सांगता येईल असं शास्त्र जगात कुठंही नाही. मेसेजवर दुहेरी बाण दिसला की तो अनेक हातांतून आलाय हे ओळखा आणि तिथंच थांबवा. ज्यांनी किल्लारीत माणसं गमावली, त्यांना अशा मेसेजपायी रात्र अंगणात काढायला लावणं हा छळ आहे.

प्रत्येक अनोळखी फोन उचलणं, आणि एकही न उचलणं

जाहिरातींचे फोन आणि मेसेज बंद करायला 1909 वर फोन करा. 140 नं सुरू होणारा क्रमांक जाहिरातीचा असतो. बँकांच्या सेवेच्या कॉलसाठी 1600 ची मालिका आहे. एसएमएस पाठवणाऱ्याच्या नावाच्या शेवटी 'जी' असेल तर तो सरकारी, 'पी' असेल तर जाहिरातीचा. विम्याचा किंवा अनुदानाचा मेसेज निवडायला ही खूण फार उपयोगाची आहे.

लग्नपत्रिका म्हणून आलेली फाइल उघडणं

पत्रिका फोटो किंवा पीडीएफ असते. नावाच्या शेवटी 'एपीके' असेल तर ते ॲप आहे, मग ते पत्रिकेच्या नावानं येवो, पीएम किसानच्या नावानं येवो की वाहनाच्या दंडाच्या. ओळखीच्या नंबरवरून आलं तरी उघडू नका, त्यांचा फोन आधीच चोरांच्या ताब्यात असू शकतो.

चुकून टाकलंच गेलं तर आधी फोन एअरप्लेन मोडवर टाका. दुसऱ्याच्या फोनवरून बँकेला सांगून खातं थांबवा आणि 1930 वर तक्रार करा. जितक्या लवकर कराल तितके पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त. मग ते ॲप काढून टाका, आणि एअरप्लेन मोड काढून ##002# डायल करून कॉल फॉरवर्डिंग बंद करा, कारण ओटीपीचे कॉल चोरांकडं वळवलेले असू शकतात. त्याच दुसऱ्या फोनवरून सगळ्या ग्रुपांत कळवा की माझ्या नंबरवरून आलेली फाइल उघडू नका.