जुनं सागवानी फर्निचर उजळताय? या चुका टाळा

वाड्यातलं कपाट, पेटारा किंवा चौरंग दुरुस्तीला काढला की पहिला हात पॉलिश पेपरकडे जातो. तिथेच नुकसान होतं. आधी मागच्या, न दिसणाऱ्या बाजूला स्पिरिटचा कापूस मिनिटभर दाबून धरा. थर चिकट झाला तर ते लाखेचं पॉलिश आहे, स्पिरिटनेच निघतं. कॉस्टिक सोडा लावूच नका. सागवान काळं पडतं, तंतू सुटतात, सांध्यातला सरसही (जनावरांच्या कातडी-हाडांपासून केलेला जुना गोंद) निघतो.

खुर्चीचा पाय डुगडुगतो म्हणून फटीत फेविकॉल ओतणं, ही सगळ्यांत जास्त दिसणारी चूक. जुन्या सरसावर तो धरत नाही आणि पुढच्या वेळी सांधा उघडणं कठीण करून ठेवतो. खिळा ठोकला तर कुसूच (खाचेत बसणारं लाकडाचं टोक) चिरतं. सांधा पूर्ण उघडा, गरम पाण्याच्या फडक्याने जुना सरस मऊ करून खरवडा, लाकूड दोन दिवस सावलीत सुकवा. नवा सरस दुप्पट वजनाच्या थंड पाण्यात रात्रभर भिजवून, पाण्याच्या भांड्यात दुसरं भांडं ठेवून तापवा. साधारण ६० अंशांवर ब्रशवरून त्याची अखंड धार पडते. उकळला की त्याची पकड गेली, तो फेकून द्या. शिकंजा (सांधा आवळून धरणारा क्लॅम्प) नसेल तर सुती दोरीचे वेढे देऊन काडीने पीळ भरा आणि २४ तास हात लावू नका.

मे महिन्यात दाराच्या चौकटीतल्या फळीच्या कडेला फट दिसते. ती पुट्टीने बुजवू नका. आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात फळी आकसते, पावसाळ्यात फुगते. म्हणूनच जुन्या सुतारांनी ती खाचेत मोकळी ठेवलेली असते. जागा बुजली तर पावसाळ्यात चौकटच फाकते.

पॉलिशसाठी १ लिटर स्पिरिटला २०० ग्रॅम चपडा लाख (पातळ पापुद्र्यांची लाख), काचेच्या बरणीत रात्रभर, मग मलमलीतून गाळून. लोखंडी डबा नको, रंग काळवंडतो. पावसाळी हवेत हात मारला तर पांढुरके डाग उमटतात. असं झालंच, तर कोरड्या दिवशी जेमतेम ओलसर स्पिरिटचा बोळा हलकेच फिरवा.

घाण्यावरचं जवसाचं तेल लाकडाला चांगलं, पण जाड थर महिनाभरही चिकट राहतो आणि त्यावर धूळ बसते. पातळ लावा, २० मिनिटांनी पुसून घ्या. पुसलेली फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका: तेल वाळताना उष्णता सोडतं आणि बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. फडकी पाण्यात बुडवा किंवा अंगणात एकेक पसरून वाळवा.