'मूलभूत' या एका शब्दानं माझं वर्ष घेतलं

माझी पूर्व परीक्षा दीड गुणानं हुकली. उत्तरतालिका लावताना एका विधानापाशी थांबले: 'संसदेला मूलभूत हक्कांत दुरुस्ती करता येत नाही.' मी ते डोळे झाकून बरोबर धरलं होतं. चूक! वर निगेटिव्ह मार्किंग.

गोलकनाथ, केशवानंद ही सर्वोच्च न्यायालयातल्या खटल्यांची नावं तुम्हाला पाठ असतीलच. माझीही होती. पण मूलभूत हक्क आणि मूलभूत संरचना माझ्या डोक्यात एकच होऊन बसले होते. नीट वाचा, घाई करू नका. 1967 च्या गोलकनाथ निकालानं संसदेला मूलभूत हक्कांचा संकोच करायला मनाई केली. 24 एप्रिल 1973 ला केशवानंद खटल्यात 13 न्यायाधीशांच्या पीठानं 7 विरुद्ध 6 मतांनी ठरवलं, की घटनादुरुस्तीच्या कलम 368 खाली संसद हक्कांसह कुठलाही भाग बदलू शकते, फक्त घटनेची मूलभूत संरचना, म्हणजे तिचा गाभा, मोडू शकत नाही. मी 1967 मध्येच अडकले होते.

गाठ सोडवली अभ्यासिकेतल्या एका ताईनं. तिनं माझी वही मिटली आणि विचारलं, "मालमत्तेचा हक्क मूलभूत होता ना? मग गेला कुठे?" 1978 ची 44 वी घटनादुरुस्ती! कलम 31 रद्द झालं, तो हक्क 300-क मध्ये गेला आणि मूलभूत राहिला नाही. "आता उलट बघ," ती म्हणाली. न्यायाधीशांच्या नेमणुकीसाठी आयोग आणणाऱ्या 99 व्या दुरुस्तीनं भाग 3 मधल्या, म्हणजे मूलभूत हक्कांच्या, एकाही कलमाला हात लावला नव्हता. तरी 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती रद्द केली, कारण न्यायसंस्थेचं स्वातंत्र्य संरचनेत येतं.

क्लासच्या 'एका पानात राज्यघटना' छापाच्या झेरॉक्स फेकून द्या. त्यात निकालाचं साल असतं, आधीच्या निकालाचं काय झालं ते नसतं. अशी ताई भेटली तर तिला सोडू नका. नाही भेटली तरी घाबरू नका, हा विषय दोन शांत संध्याकाळींत बसतो.

संरचनेची पक्की यादी मात्र शोधू नका, न्यायालयानं ती एकगठ्ठा दिलेलीच नाही. खटल्यागणिक भर पडत गेली: मिनर्व्हा मिल्स 1980, बोम्मई 1994. वहीत प्रत्येक निकालापुढे एकच ओळ लिहा: आधीचं काय मोडलं, काय टिकलं.