उडी सगळेच शिकवतात, उतरायला कोण शिकवणार? बॅडमिंटन खेळणाऱ्या मुलांच्या फिटनेसमधल्या या चुका टाळा

उन्हाळी शिबिर सुरू झालं की पालकांचा पहिला प्रश्न ठरलेला: "सर, जंप स्मॅश (उडी मारून खाली मारलेला जोरदार फटका) कधी शिकवणार?" माझं उत्तरही ठरलेलं. एका पायावर उतरून न डगमगता उभं राहता येईल, तेव्हा.

उतरायला न शिकवता उडी शिकवणं, सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. उजव्या हाताने खेळणारं मूल मागच्या बॅकहँड कोपऱ्यात डोक्यावरून शटल मारतं आणि डाव्या पायावर उतरतं. तेव्हा गुडघा आत वळला की एसीएलवर, म्हणजे गुडघा स्थिर ठेवणाऱ्या आतल्या लिगामेंटवर (अस्थिबंधावर), जबर ताण येतो. स्पेनची कॅरोलिना मारिन डावखुरी, म्हणजे तिचा उतरण्याचा पाय उजवा. 2019च्या इंडोनेशिया मास्टर्सच्या फायनलमध्ये तिचा उजवा गुडघा गेला. ऑलिंपिक विजेतीचे कमावलेले पाय होते ते.

माझ्याकडे एक तेरा वर्षांची मुलगी आली होती. स्मॅश जबरदस्त, उंची नुकतीच भराभर वाढलेली. आधीच्या ठिकाणी घोट्यांना वजनं बांधून तिच्याकडून उड्या मारून घेतल्या होत्या. मोबाइलवर समोरून स्लो मोशनमध्ये शूट केलं, तर प्रत्येक वेळी डावा गुडघा आत. वडिलांना व्हिडिओ दाखवला. "निवड स्पर्धा होऊ दे, मग बघू," म्हणाले. त्या स्पर्धेतच लिगामेंट तुटलं. ऑपरेशन झालं, पुढचा सगळा सीझन गेला.

माझी पद्धत साधी आहे. आधी पायरीवरून दोन्ही पायांवर उतरायचं, आवाज न करता, गुडघे बोटांच्या रेषेत ठेवून, आणि तीन मोजेपर्यंत थांबायचं. मग एका पायावर. मग बाजूला आणि मागे उडी. मग हातात रॅकेट, शटल सगळ्यात शेवटी. हे वॉर्मअपमध्येच करून घेतो, पंधरा मिनिटं. मुलं कंटाळतात, तरी मी सोडत नाही.

उंची झपाट्याने वाढत असताना तोल आणि टायमिंग बिघडतं. तेव्हा उड्या कमी करा. गुडघ्याच्या वाटीखालच्या हाडावर दुखत असेल तर "वाढीचं दुखणं" म्हणून स्प्रे मारून खेळवू नका, डॉक्टरांना दाखवा.

रोज पाच किलोमीटर पळून फुटवर्क सुधारत नाही. कारण रॅली, म्हणजे एका गुणासाठीची सलग टोलवाटोलवी, बहुतेकदा काही सेकंदांत संपते.

लंजमध्ये, म्हणजे शटल घ्यायला एक पाय लांब टाकताना, टाच आधी टेकवा, पाऊल आणि गुडघा एकाच दिशेला.

रनिंग शूज घालून कोर्टवर उतरू नका. जाड, उंच सोलमुळे घोटा मुरगळतो. नवी रॅकेट नंतर घ्या, आधी गम सोलचे (पकड देणाऱ्या रबरी तळव्याचे) बूट.