दाढीच्या ब्रशवर क्रीम किती घ्यायचं (आणि पाणी किती)

ट्यूब दाबायची, ब्रशवर या टोकापासून त्या टोकापर्यंत लांबलचक पट्टी काढायची, नळाखाली ब्रश धरायचा आणि गालावर घासायला सुरुवात, बऱ्याच जणांची पद्धत हीच. मग अर्धं क्रीम रेझर धुताना बेसिनमध्ये जातं आणि उरलेलं ब्रशच्या बुडाशी अडकून बसतं. जाहिरातीत पण तोंडभर पांढरा ढीगच दाखवतात म्हणा, आपल्याला वाटणारच की तेवढं लागतं.

खरं तर पूर्ण चेहऱ्याला 1 ग्रॅमच्या आसपास क्रीम पुरतं. आता रोज सकाळी वजनकाटा कोण काढणार, म्हणून साधा अंदाज धरा: ट्यूबचं तोंड रुंद असेल तर साधारण 1 सेंटिमीटरची पट्टी, तोंड बारीक असेल तर 2 सेंटिमीटर. यावर लोक म्हणतात एवढ्याशा क्रीमचा फेसच होत नाही. होतो, पण पाणी जमलं तर. फेस बिघडला की आपला हात आधी ट्यूबकडे जातो, आणि बहुतेक वेळा गडबड पाण्याची झालेली असते.

सुरू करण्याआधी ट्यूबवर एकदा वाचून घ्या की क्रीम ब्रशने फेस करायचंच आहे ना. काही क्रीम ब्रशशिवाय नुसत्या हाताने लावायची असतात, त्यांचा कितीही घासलं तरी फेस येत नाही. कॅनमधल्या फोम आणि जेलला पण ब्रश लागत नाही.

स्टेप 1: चेहरा भिजवा

कोमट पाण्याने तोंड धुवा आणि दोन-तीन मिनिटं दाढी ओली राहू द्या. केस पाणी शोषतात आणि मऊ पडतात, मग ब्लेडला कापायला कमी जोर लागतो. आंघोळीनंतर लगेच दाढी केली तर हे आपोआपच होतं. टॉवेलने मात्र पुसू नका, कारण कोरडा चेहरा फेसातलं पाणी ओढून घेतो आणि तुम्हाला वाटतं क्रीमच कमी पडलं.

स्टेप 2: ब्रश ओला करा, पण कुठला ब्रश आहे ते बघून

डुकराच्या केसांचा ब्रश जाडाभरडा असतो आणि त्याचे केस स्वतःच पाणी पितात, म्हणून तो मगमध्ये चार-पाच मिनिटं भिजत ठेवायचा, नाहीतर तो फेस करता करता फेसातलंच पाणी पिऊन टाकतो आणि सगळं मधेच बसतं. असा ब्रश नवीन असेल तर सुरुवातीला फेस गिळतोच, काही दिवस वापरला की सरळ येतो. बॅजर नावाच्या प्राण्याच्या केसांचा ब्रश मऊ असतो, तो पाणी भरपूर धरून ठेवतो, मिनिटभर भिजवला तरी चालतं. सिंथेटिक ब्रशला भिजवायची भानगडच नाही, तंतू पाणी शोषत नाहीत, नुसता ओला केला की झालं. पण त्याची एक खोड आहे, तंतूंच्या मधे साठलेलं पाणी तो एकदम सोडतो, म्हणून तो जरा जास्त झटकायचा.

ब्रश कुठलाही असो, पाण्यातून काढला की दोन-तीनदा झटका. थेंब थेंब गळत असेल तर अजून ओला आहे. पार पिळून कोरडा करू नका, पण सुरुवातीला कमी पाणी असलेलं बरं, नंतर वाढवता येतं, काढून मात्र घेता येत नाही.

स्टेप 3: क्रीम घ्या

ती छोटी पट्टी ब्रशच्या टोकावर मधोमध ठेवा, आत दाबू नका. आत गेलेलं क्रीम चेहऱ्यापर्यंत येतच नाही, ते फक्त ब्रश धुताना दिसतं. मला विचाराल तर ब्रशवर घेण्यापेक्षा बोटाने दोन्ही गाल, हनुवटी आणि गळा अशा चार ठिकाणी थोडं थोडं टेकवणं जास्त सोपं, म्हणजे काहीच वाया जात नाही. वाटीत फेस करत असाल तर वाटीच्या तळाला लावा.

स्टेप 4: फेस करा, सगळा खेळ इथेच आहे

आता हलक्या हाताने गोल गोल फिरवा, वीसेक सेकंद. जोर लावून ब्रश चेहऱ्यावर चेपायचा नाही, केसांची टोकं पसरतील इतपतच दाब पुरे. या टप्प्याला ते क्रीम घट्ट, मातकट पांढरं आणि चिकट दिसेल, भिंतीला चुना लावल्यासारखं, आणि इथेच बरेच जण घाबरून अजून क्रीम घेतात किंवा आहे त्यावरच रेझर फिरवतात, मग ब्लेड ओढत जातं आणि मान लाल होते. थांबा जरा. ब्रशचं फक्त टोक पाण्यात बुडवा, म्हणजे काही थेंबच, आणि परत फिरवा. ते जिरलं की परत टोक बुडवा. असं तीन-चार वेळा केलं की बघता बघता फेस फुगतो, आधी घट्ट होता तो हलका होतो आणि त्यावर चकाकी येते, ही चकाकी दिसली की समजा जमलं. सगळं मिळून मिनिट-दीड मिनिट लागतं, घाई असेल त्या दिवशी हेच मिनिट कापलं जातं आणि मग दोष क्रीमला.

फेस ओळखायचा कसा? थोडा दोन बोटांत घेऊन चोळा. बोटं सरसर घसरली तर छान, अडखळली तर पाणी कमी आहे. फेसात मोठे बुडबुडे दिसत असतील, किंवा गळ्यावरून ओघळ येत असतील, तर पाणी जास्त झालंय, आणि अख्ख्या प्रक्रियेत क्रीम वाढवायची वेळ खरी हीच, तेही अगदी चिमूटभर. चांगल्या फेसात बुडबुडे जवळपास दिसतच नाहीत आणि ब्रश उचलला की मऊ टोक वर उभं राहून किंचित वाकतं.

आणि हो, थर जाड हवा असं काही नाही. ब्लेडला कामाला येतो तो त्वचेला लागून असलेला पातळ ओला थर, वरचा ढीग फक्त रेझरमध्ये अडकतो आणि दर दोन फटक्यांनी धुवत बसावं लागतं. खालची कातडी दिसेनाशी झाली की पुरे. शेवटी ब्रश रंग मारल्यासारखा वर-खाली फिरवून फेस सारखा करून घ्या.

स्टेप 5: रेझरच्या दुसऱ्या हातावरून (म्हणजे दुसऱ्या फेरीवरून) माप ठरवा

पहिला हात केसांच्या दिशेने मारून झाला की चेहरा परत ओला करा आणि ब्रशमध्ये उरलेलाच फेस लावा. नवीन क्रीम नाही. तुमचं स्वतःचं माप इथे कळतं. दुसऱ्या हाताला फेस पुरला आणि शेवटी ब्रश दाबल्यावर थोडासाच निघाला तर माप बरोबर. मूठभर निघाला तर उद्या क्रीम कमी घ्या, दुसऱ्या हातालाच टंचाई आली तर उद्या अर्धा सेंटिमीटर वाढवा. एकाच दिवशी पाणी, क्रीम आणि ब्रश तिन्ही बदलू नका, कशामुळे फरक पडला ते कळणार नाही.

दाढी दाट किंवा आठवडाभराची असेल, ब्रशचा झुबका मोठा असेल, तर क्रीम थोडं जास्त लागतंच. पाणी जड असेल तरी लागतं, कारण त्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम क्रीममधल्या साबणाला धरतं आणि त्याचा फेसाऐवजी साका होतो. घरात आरओचं पाणी असेल तर त्यातलं अर्धा कप फक्त ब्रश आणि फेसासाठी वापरून बघा, तोंड नळाच्या पाण्याने धुतलं तरी चालेल.

मधेच फेस सुकायला लागला, म्हणजे फॅन चालू असताना होतं तसं, तर ओल्या ब्रशचं टोक त्यावरून फिरवा, परत ओला होतो. आणि क्रीम लावल्या लावल्या आग होत असेल तर त्याचा मापाशी संबंध नाही, ते क्रीम तुमच्या त्वचेला चालत नाहीये, धुवून टाका आणि दुसरं बघा.

झालं की ब्रश बुडापासून धुवा, पाणी स्वच्छ येईपर्यंत. आत साबण राहिला की तिथे थर साचतो आणि केस फाकायला, तुटायला लागतात. मग हलका पिळून, झटकून मोकळ्या हवेत ठेवा, ओला ब्रश डब्यात किंवा कपाटात कोंबू नका.