खाडीत उतरण्याआधी: कांदळवन सफाईची तयारी

तारीख ठरवताना आधी रविवार शोधू नका, तिथी बघा. मुंबईला अमावास्या-पौर्णिमेला भरती दुपारी बाराच्या आसपास असते आणि पुढे रोज साधारण पाऊण तासाने सरकते. तिथीला पाऊणने गुणलं की बारानंतर किती तासांनी भरती ते कळतं. चतुर्थीला भरती तीनला, म्हणजे ओहोटी सकाळी नऊच्या सुमारास. कॉलेजच्या मुलांना हा दिवस सोयीचा. हा झाला अंदाज. नेमकी वेळ तक्त्यावरूनच घ्या, आणि ठाणे खाडीसारख्या आतल्या जागी पाणी जरा उशिरा हलतं हेही धरा. ओहोटीच्या दीड तास आधी उतरायचं, ओहोटीनंतर अर्ध्या तासात सगळे बांधावर.

वन विभागाच्या कांदळवन कक्षाकडे अर्ज महिनाभर आधी द्या. जागेचा नकाशा आणि मुलांची संख्या त्यातच लिहा.

खरी गडबड होते ती पायांची. गमबूट नकोत: चिखल बूट धरून ठेवतो, पाय तेवढा बाहेर येतो. नाडीचे जुने कॅनव्हासचे बूट, लांब मोजे आणि दुहेरी गाठ. चप्पल घालून आलेल्याला काठावरच वजनाच्या कामाला बसवा, कारण मुळांना चिकटलेली कालवं तळवा ब्लेडसारखा चिरतात. तिवराची श्वसनमुळं चिखलातून पेन्सिली रोवल्यासारखी वर आलेली असतात. झाड त्यांतूनच हवा घेतं आणि पाय पडला की ती कटकन मोडतात. म्हणून पसरून चालायचं नाही, एकामागोमाग एकाच वाटेने. तीस मुलं एकदम उतरवण्यापेक्षा पंधरा-पंधराच्या दोन तुकड्या बऱ्या.

मुळांना गुंडाळलेली पिशवी ओढू नका, कात्रीने कापा. पाच जणांत दोन कात्र्या हव्यात. चिखलात खोल रुतलेली साडी किंवा जाळं हिसकलं तर आसपासची कोवळी रोपं उपटून येतात, ते राहू द्या. जाड रबरी हातमोजे प्रत्येकाला. सुया आणि काचांसाठी झाकणाची बादली वेगळी. हुरा या कांदळवनातल्या झाडाच्या फांद्या तोडू नका, चीक डोळ्यांत गेला तर आग होते.

कचऱ्याला प्लॅस्टिकच्या पिशव्या नकोत, गोणपाटाच्या गोण्या घ्या. तीस मुलांना चाळीस पुरतात. अर्ध्याच भरा. ओल्या चिखलाची भरलेली गोणी दोघांनाही उचलत नाही.

महापालिकेची गाडी आदल्या दिवशी पक्की करा. नाहीतर गोण्या काठावर राहतात आणि पुढच्या उधाणाला सगळा कचरा परत खाडीत. हे फार वेळा होतं.

रोपं लावायची हौस असेल तर ती वेगळ्या दिवशी, आणि जागा कांदळवन कक्षालाच ठरवू द्या. उघडी चिखलपट्टी रिकामी दिसते, पण रोहित पक्षी तिथेच चरतात.

माणशी दोन लिटर पाणी, ओआरएस, प्रथमोपचार पेटी, शिट्टी. उतरताना मोजलेली डोकी वर आल्यावर पुन्हा मोजा, मगच ताणकाटा काढून गोण्यांचं वजन करा.