मालिकेतलं प्रेम पटलं नाही? मग गाळलेला प्रसंग शोधा

मालिका संपते, ती दोघं एकमेकांच्या मिठीत असतात आणि आपल्याला काहीच वाटत नाही. उलट चीड येते. एवढे महिने जीव लावून पाहिलं ते ह्याच्यासाठी? अशा वेळी ‘फालतू शेवट’ म्हणून विषय सोडून देऊ नका, असं मला मनापासून सांगायचंय. नेमकं कुठे बिनसलं हे शोधून काढता येतं. माझं ठाम मत आहे की, प्रेम पटत नाही तेव्हा बहुतेक वेळा एखादा महत्त्वाचा प्रसंग लेखकांनी लिहिलेलाच नसतो. तो सापडला की चीड निवळते आणि बोलायला मुद्दा मिळतो.

एक वही घ्या. पानावर मधोमध उभी रेघ मारा. डावीकडच्या रकान्यात ती दोघं एकत्र आलेले प्रसंग आठवतील तसे लिहा. उजवीकडे एवढंच लिहायचं: ह्या प्रसंगामुळे दोघांपैकी कुणी असं काय केलं, जे त्याने किंवा तिने एरवी केलं नसतं?

डावा रकाना भराभर भरतो. पाय घसरला, त्याने सावरलं. लिफ्ट बंद पडली. पावसात अडकले. घरच्यांसाठी खोटं लग्न केलं. उजवीकडे मात्र पेन अडतं. योगायोगाने माणसं जवळ येतात, पण एकमेकांमुळे बदलत नाहीत, हे कागदावर लख्ख दिसतं. कधी उजवीकडे फक्त तिचीच नावनिशी असते: तिने नोकरी सोडली, तिने माफ केलं, तिने समजून घेतलं. त्याच्या नावावर एकही ओळ नाही. अशा जोडीवर विश्वास बसत नसेल तर दोष तुमच्या नजरेचा नाही.

भरलेला रकाना कसा दिसतो ते पाहायचं असेल तर बीबीसीची १९९५ची ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ घ्या. मालिका फक्त ६ भागांची. डार्सी पहिल्यांदा मागणी घालतो ते तिसऱ्या भागाच्या शेवटी, म्हणजे बरोबर निम्म्यावर, आणि एलिझाबेथ त्याला तोंडावर नकार देते. नुसता नकार नाही, कारणं देऊन. तू माझ्या बहिणीचं सुख मोडलंस, तू विकहॅमवर अन्याय केलास, तुझं वागणं सभ्य माणसाचं नाही. पुढचे तीन भाग ह्या कारणांना दिलेलं उत्तर आहे. काही आरोप खोटे होते, ते डार्सीच्या पत्रातून कळतं. जे खरे होते त्यावर तो बोलत बसत नाही, वागणं बदलतो. तिच्या धाकट्या बहिणीची अब्रू वाचवायला स्वतःचे पैसे घालतो आणि ते कुणाला कळू नये अशी व्यवस्था करतो. एलिझाबेथला सगळी हकिगत कळते ती मामीकडून. दुसऱ्यांदा तो विचारतो तेव्हा ‘हो’ म्हणायला तिच्याकडे कारण असतं, आणि आपल्याकडेही. कमजोर मालिकांमध्ये नेमका हा नकाराचा प्रसंग गाळलेला असतो. गैरसमजातून झालेलं भांडण असतं, पण समोरच्याने तोंडावर सांगितलेलं आणि खरं असलेलं असं काही नसतं.

दुसरी चाचणी आवाज बंद करून करायची. सबटायटल्स चालू ठेवा. तो तिला सावरतो, तीन कोनांतून तीच नजरानजर, केस संथपणे उडताहेत. हे सगळं संगीताशिवाय पाहा. मग जो बोलत नाहीये त्याच्या चेहऱ्यावर लक्ष ठेवा. ती तिसऱ्याच कुणाशी बोलत असताना तो तिच्याकडे कसा पाहतो? तो काही सांगत असताना ती खरंच ऐकतेय, की आपल्या वाक्याची वाट पाहतेय? चांगले नट इथे ओळखू येतात. तिथे काही दिसलं तर प्रेम आहे, लिखाण कमी पडलंय. तिथेही काही नसेल तर पुढचे भाग पाहून फारसं हाती लागणार नाही.

आता शेवट. ‘हाऊ आय मेट युअर मदर’ २००५ ते २०१४ चालली. तिच्यात टेड आपल्या मुलांना त्यांची आई ट्रेसी त्याला कशी भेटली ते सांगतो. कथा ऐकणारी मुलं मोठी दिसू लागतील म्हणून त्यांचा शेवटचा प्रसंग, ज्यात ती टेडला मैत्रीण रॉबिनकडे जायला सांगतात, सुरुवातीच्या काळातच चित्रित करून ठेवला होता. मधल्या वर्षांत गोष्ट मात्र दुसरीकडे गेली. जवळजवळ अख्खा नववा सीझन टेडचा मित्र बार्नी आणि रॉबिनच्या लग्नाच्या एका वीकेंडवर खर्च केला, आणि शेवटच्या भागात त्यांचा घटस्फोट काही मिनिटांत उरकला. आईचा मृत्यूही असाच घाईत. पुढे डीव्हीडीवर वेगळा शेवटही दिला गेला. तेव्हा कुठलाही शेवट पाहताना विचारा: ही माणसं आज जशी आहेत त्यातून हे आलंय, की पहिल्या दिवशी ठरवलं होतं म्हणून आलंय?

वेळ पुरेसा दिलाय का, हेही पाहा. ‘गेम ऑफ थ्रोन्स’च्या २०१९च्या शेवटच्या सीझनमध्ये ६च भाग होते. जेमी आणि ब्रिएन ह्यांचं नातं कितीतरी सीझन मुरत आलेलं. चौथ्या भागात ती दोघं एकत्र येतात आणि त्याच भागात तो तिला रडत सोडून जातो. त्याचं जाणं मला पटू शकलं असतं. त्याच्या मनाची ओढाताण दाखवणारा एखादा भाग मध्ये हवा होता. ‘एक वर्षानंतर’ अशी पाटी आली तरी सावध व्हा. १६ भागांच्या कोरियन मालिकांत शेवटाकडे ही उडी नेहमी दिसते, आणि समेटाचा अवघड प्रसंग पुष्कळदा त्या उडीतच गडप होतो.

एक फरक मात्र प्रामाणिकपणे करा. माझी ताई म्हणते, “मला ती दोघं एकत्र हवी होती, बस.” ही इच्छा आहे आणि ती असू द्यावी, पण तो मालिकेचा दोष नाही. ‘फ्लीबॅग’च्या दुसऱ्या सीझनमध्ये बस स्टॉपवर नायिकेच्या प्रेमात पडलेला पाद्री तिच्याऐवजी देवाची निवड करतो. मी ढसाढसा रडले, तरी तक्रार नाही, कारण त्याची ती ओढ पहिल्यापासून दाखवलेली होती. म्हणून वहीत ‘मला हवं होतं’ आणि ‘गोष्टीला हवं होतं’ हे वेगवेगळं लिहा.

मत मांडताना नटांना शिव्या देऊ नका; पटकथा त्यांच्या हातात नसते. ‘अमुक भागानंतर त्याने तिची माफी मागायला हवी होती आणि तिने लगेच माफ करायला नको होतं,’ असं एक वाक्य लिहा. शक्य असेल तर तो प्रसंग चार ओळींत स्वतः लिहून पाहा. आपण कुठे दुखावलो गेलो हे लिहिताना कळतं.

आणि उजवा रकाना आठवडेच्या आठवडे कोराच राहिला तर मालिका सोडा, शेवट सुधारेल ह्या आशेवर थांबू नका. आवडती मालिका पुन्हा पाहताना शेवट स्वतः निवडा. मी टेड आणि ट्रेसी स्टेशनवर पिवळ्या छत्रीखाली बोलतात तिथे टीव्ही बंद करते, पुढचं बघत नाही. तुमची जागा ठरवायची असेल तर उजव्या रकान्यातली शेवटची खरी नोंद शोधा आणि तो भाग संपला की थांबा.