नागपूरच्या उन्हाळ्यात वर्ल्ड स्नूकर चॅम्पियनशिप कशी पाहायची

एप्रिलचा तिसरा आठवडा लागला की नागपुरात दुपारी बारानंतर कामाशिवाय कोणी घराबाहेर निघत नाही, आणि नेमकं तेव्हाच तिकडे इंग्लंडात शेफील्डच्या क्रुसिबल थिएटरमध्ये वर्ल्ड स्नूकर चॅम्पियनशिप सुरू होते आणि पुढचे १७ दिवस चालते. आपल्यासाठी कोणी मुद्दाम टाइमटेबल बसवल्यासारखं आहे भाऊ. तरी दरवर्षी कोणी ना कोणी विचारतंच की पाहायला बसलो पण दोन तास काही होतच नाही, एक जण खेळून राहिला आणि दुसरा खुर्चीत बसून पाणी पिऊन राहिला, यात मजा काय. तर ज्याला नियम अर्धेमुर्धे माहीत आहेत आणि यंदा ही टुर्नामेंट नीट पाहायची आहे त्याच्यासाठी हे लिहितोय.

आधी घड्याळ. एप्रिल-मेमध्ये इंग्लंड आपल्या साडेचार तास मागे असतं. तिकडचं सकाळचं सेशन १० ला सुरू होतं म्हणजे आपल्याकडे दुपारी अडीच, दुसरं सेशन संध्याकाळी ७ ला आणि तिसरं रात्री साडेअकराला. अडीचचं सेशन नागपूरकरांचं हक्काचं, जेवण झालेलं असतं, कूलरमध्ये पाणी भरलेलं असतं, बाहेर ४४ डिग्री, कुठे जायचा प्रश्नच नाही. सात वाजताचं सेशन मात्र घरात भांडण लावणारं आहे कारण त्याच वेळी आयपीएल आणि सिरियल दोन्ही असतात, तेव्हा ते मोबाइलवर पाहा नाहीतर सरळ सोडून द्या. रात्री साडेअकराचं सेशन गच्चीवर गादी टाकून, इअरफोन लावून. कोणत्या चॅनलवर किंवा ॲपवर दिसेल हे बदलत राहतं म्हणून सुरू व्हायच्या आठवडाभर आधी पाहून ठेवा, आणि काहीच नाही जमलं तर वर्ल्ड स्नूकर टूरच्या वेबसाइटवर लाइव्ह स्कोअर असतो आणि त्यांच्याच यूट्यूब चॅनलवर हायलाइट्स.

आता सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सगळं पाहायला जाऊ नका. १७ दिवस, बहुतेक दिवशी तीन सेशन, त्यात क्वार्टर फायनलपर्यंत हॉलमध्ये मधात पार्टिशन टाकून दोन टेबलांवर दोन मॅच एकाच वेळी चालतात. हे सगळं पाहणारा माणूस चौथ्या दिवशी कंटाळतो आणि मग फायनलच पाहत नाही. टेस्ट मॅच जशी आपण पाहतो ना, लंचनंतरचं सेशन पाहिलं, मधात बाजारात जाऊन आलो, शेवटच्या दिवशी मात्र हललो नाही, तसंच हे पाहायचं.

त्यासाठी फॉरमॅट डोक्यात पाहिजे. ३२ प्लेयर, त्यातले १६ सीडेड (थेट आत आलेले) आणि १६ क्वालिफायर (आधी क्वालिफाइंगच्या मॅच जिंकून आलेले). फ्रेम म्हणजे एक पूर्ण डाव. पहिल्या राऊंडला जो आधी १० फ्रेम जिंकेल तो पुढे, दुसऱ्या राऊंडला आणि क्वार्टर फायनलला १३, सेमी फायनलला १७ आणि फायनलला १८. पहिल्या राऊंडची मॅच दोन सेशनमध्ये संपते, सेमी आणि फायनल चार-चार सेशन. पहिल्या राऊंडमध्ये मी फक्त दुसरं सेशन पाहतो, पहिलं झाल्यावर स्कोअर पाहायचा, ५-४ किंवा ६-३ असेल तर बसायचं, ८-१ असेल तर झोपायचं. सेमी फायनलपासून पार्टिशन काढतात, एकच टेबल उरतं, सगळा हॉल त्या एका टेबलाभोवती. तिथून पुढे मात्र सोडू नका. १ मेची सुट्टी बहुतेक वेळा या शेवटच्या टप्प्यातच येते, त्या दिवशी लग्नाचं आमंत्रण आलं तर आहेर आधीच पोचवून द्या.

पहिला राऊंड फालतू असतो असं मात्र समजू नका. २०२३ ला बेल्जियमचा लुका ब्रेसेल चॅम्पियन झाला, २०२४ ला पहिल्याच राऊंडमध्ये ९-१० ने हरून घरी. २०२४ ला कायरन विल्सन चॅम्पियन, २०२५ ला तोही पहिल्याच राऊंडमध्ये, तोही ९-१० नेच. आणि त्याच २०२५ ला चीनचा झाओ शिनटाँग क्वालिफाइंगच्या चार मॅच जिंकून आत आला, तेव्हा तो टूरवर प्रोफेशनल म्हणून नव्हता, अमॅच्युअर म्हणून खेळत होता कारण बंदी भोगून परत आलेला, आणि त्याने सेमीत रॉनी ओ'सलिवनला १७-७ आणि फायनलमध्ये ५० वर्षांच्या मार्क विल्यम्सला १८-१२ ने हरवलं. आशियातून पहिलाच चॅम्पियन. म्हणून क्वालिफायरची नावं आधी वाचून ठेवा, त्यात एखादा तरी असा निघतोच.

नियमांचं जास्त लांबवत नाही. लाल बॉल पॉकेटात टाकला की १, मग एक कलर, मग परत लाल. पिवळा २, हिरवा ३, ब्राउन ४, ब्लू ५, पिंक ६, ब्लॅक ७. लाल आहेत तोवर कलर परत आपल्या जागेवर येतो, लाल संपले की कलर याच क्रमाने टाकायचे. एवढं तर कोणत्याही स्नूकर पार्लरमधला मार्कर (स्कोअर मांडणारा) दोन मिनिटांत सांगतो.

जे कोणी सांगत नाही ते म्हणजे टेबलावर किती पॉइंट उरले हे मोजणं, आणि याच्याशिवाय फ्रेमचं टेन्शन कळतच नाही. हिशोब सोपा आहे, उरलेल्या लालला ८ ने गुणा कारण प्रत्येक लालसोबत जास्तीत जास्त ब्लॅक, १ आणि ७, आणि त्यात २७ मिळवा कारण सगळ्या कलरची बेरीज २७. समजा चार लाल उरलेत, ३२ आणि २७, झाले ५९. समोरचा ६३ ने पुढे आहे. म्हणजे मागच्याने सगळंच्या सगळं टाकलं तरी ४ कमी पडतात. आता फाऊलचे कमीत कमी ४ मिळतात, तर त्याला एक स्नूकर टाकून (म्हणजे समोरच्याला जो बॉल मारायचा आहे त्याच्या वाटेत दुसरा बॉल आडवा आणून) एक फाऊल काढावाच लागेल, आणि तो मिळाला तरी बरोबरीच, मग ब्लॅक परत स्पॉटवर ठेवून टॉस करून एकाच बॉलवर फ्रेम. आता सांगा, ज्याला हा हिशोब माहीत नाही त्याला वाटणार की हा माणूस एवढे लाल समोर असून टाकत का नाही, उगाच इकडेतिकडे का ढकलून राहिला. तो मुद्दाम लाल टेबलावर ठेवून राहिला असतो, कारण लाल संपले की फाऊल काढायला जागाही संपली. स्क्रीनच्या कोपऱ्यात बहुतेक वेळा उरलेले पॉइंट दाखवतात पण ते पाहायच्या आधी स्वतः मोजायची सवय लावा.

या हिशोबातूनच १४७ निघतो, म्हणजे एकाच वेळी न चुकता सगळं टाकून होणारा सगळ्यात मोठा स्कोअर, १५ लाल गुणिले ८ म्हणजे १२० आणि वरचे २७. रॉनीने १९९७ ला क्रुसिबलमध्ये हे ५ मिनिटं ८ सेकंदांत केलं, ३६ बॉल. यूट्यूबवर आहे, पाहा, पण ते पाहून स्नूकर असंच असतं असं समजू नका, नाहीतर पहिल्याच दिवशी निराशा होईल.

आता दुसरी गोष्ट, आणि माझ्या मते पूर्ण स्नूकर पाहण्याचं गमक इथेच आहे. टाकलेला बॉल पाहू नका, व्हाइट पाहा, म्हणजे क्यूने (काठीने) मारतात तो पांढरा बॉल. या लेव्हलचे प्लेयर सोपा बॉल टाकणारच, त्यात पाहण्यासारखं काही नाही. एक फ्रेम आवाज बंद करून पाहा आणि प्रत्येक शॉटच्या आधी मनात ठरवा की व्हाइट कुठे थांबायला पाहिजे. लाल टाकला, पुढे ब्लॅक हवा आहे, तर व्हाइट ब्लॅकच्या वरच्या अंगाला थांबला की खालच्या, एवढं पाहा. नवीन माणसाला वाटतं की व्हाइट, ब्लॅक आणि पॉकेट एकदम सरळ रेषेत आले म्हणजे मस्त झालं. उलट आहे. एकदम सरळ असलं की ब्लॅक तर जाईल पण व्हाइट फक्त मागे-पुढे त्याच रेषेत हलेल, बाजूला जाणार नाही, आणि पुढचा लाल जर बाजूला असेल तर काम अवघड झालं. थोडा अँगल पाहिजेच. म्हणून एखादा प्लेयर बॉल टाकल्या टाकल्या मान हलवतो, तोंड वाकडं करतो, आणि आपण म्हणतो अरे टाकला तर, रडतो कशाला. तो तीन शॉट पुढचं पाहून रडून राहिला असतो. हे एकदा डोळ्यांना दिसायला लागलं की २० मिनिटांची फ्रेमही छोटी वाटते.

सेफ्टीचंही तसंच. समोरच्याला सोपा बॉल मिळू नये म्हणून कोणीच बॉल टाकत नाही, नुसतं व्हाइट लालला घासून परत खाली बॉल्कच्या (फ्रेम सुरू करतात त्या टोकाच्या) कुशनला नेऊन चिकटवतात, पाच-सात वेळा हेच. इथे पाहायचं असतं की कोणाचा व्हाइट कुशनपासून चार बोटं दूर राहतोय. कुशनला चिकटलेल्या व्हाइटवर क्यू नीट लावता येत नाही, चार बोटं जागा मिळाली की समोरचा लांबून लाल मारतो आणि तिथेच फ्रेम जाते. आणि रेफरीने 'फाऊल अँड अ मिस' म्हटलं की रिमोट खाली ठेवा, कारण आता समोरचा म्हणू शकतो की बॉल होते तसे परत ठेवा आणि परत खेळ, मग रेफरी स्क्रीनवर पाहून पाहून बॉल केसभर इकडे केसभर तिकडे सरकवत बसतो आणि दर वेळी चुकलं की ४-४ पॉइंट जात राहतात. माझ्या घरी या वेळेला सगळे हसतात, मला तर जाम आवडतं.

पहिल्यांदाच पाहत असाल तर टुर्नामेंट सुरू व्हायच्या आधी १९८५ च्या फायनलची शेवटची फ्रेम पाहून घ्या. स्टीव्ह डेव्हिस ८-० ने पुढे होता, डेनिस टेलर फायनलभर एकदाही पुढे नव्हता, १७-१७ झाले, आणि शेवटच्या फ्रेममध्ये शेवटचा ब्लॅक उरला, दोघांनीही तो चुकवला, आणि मग टेलरने टाकला. तिकडे मध्यरात्र उलटली होती तरी एक कोटी ८५ लाख लोक टीव्हीसमोर होते. दुसरं, जिमी व्हाइटच्या १९९४ च्या फायनलची शेवटची फ्रेम, पण ते पाहायला काळीज घट्ट पाहिजे. सहा फायनल खेळला आणि सहाही हरला तो.

आपल्याकडचं कोणी नाही म्हणून काय पाहायचं असं म्हणणारे भेटतात. त्यांना सांगा की हा खेळच आपल्या बाजूचा आहे, १८७५ ला जबलपूरच्या आर्मी ऑफिसर्स मेसमध्ये नेव्हिल चेंबरलेन नावाच्या तरुण इंग्रज ऑफिसरने जुन्या पूलच्या खेळात रंगीत बॉल मिसळून तो सुरू केला (पंतप्रधान झाले ते चेंबरलेन वेगळे), पुढे उटीच्या क्लबात नियम बसले. नागपूरहून सकाळी निघालं तर दुपारच्या जेवणाला जबलपुरात पोचतो माणूस. शिवाय १९८४ ला ओम अगरवाल वर्ल्ड अमॅच्युअर चॅम्पियन झाले, २००३ ला पंकज अडवाणीने तेच टायटल मारलं, आपल्या मुंबईचा आदित्य मेहता २०१३ ला दिल्लीच्या इंडियन ओपनमध्ये फायनलपर्यंत गेला, रँकिंग टुर्नामेंटच्या फायनलला पोचलेला पहिला भारतीय. त्यामुळे क्वालिफाइंगच्या ड्रॉमध्ये भारतीय नाव शोधायची सवय ठेवा.

अजून एक काम करा, पहिल्या आठवड्यात एकदा तरी तुमच्या भागातल्या पार्लरला जा. जायच्या आधी विचारून घ्या की १२ फुटी टेबल आहे का, कारण बऱ्याच ठिकाणी नुसते पूलचे छोटे टेबल असतात. व्हाइट डी मध्ये (बॉल्कच्या टोकाला काढलेल्या अर्धवर्तुळात) ठेवा, ब्लू त्याच्या स्पॉटवर ठेवा आणि लांबच्या कोपऱ्यातल्या पॉकेटात मारा, दहा वेळा. टेबलाचा कपडा डीपाशी घासून चकाकत असतो, कुशन एखादं मेलेलं असतं, तो भाग सोडून द्या, तरीपण रात्री गच्चीवर कोणी तोच बॉल सहज टाकून व्हाइट परत डी मध्ये आणताना दिसला की तुम्ही उठून बसाल. सोबत मित्र नेला तर आपला जुना नियम लक्षात असू द्या, हरणाऱ्याने टेबलचे पैसे द्यायचे.

फायनल रविवार आणि सोमवार अशी दोन दिवस असते, दोन्ही दिवस आपल्या वेळेने संध्याकाळी साडेपाच आणि रात्री साडेअकरा. चार सेशनमध्ये ८, ९, ८ आणि १० अशा फ्रेम ठेवलेल्या असतात. रविवारी संध्याकाळचं सेशन सोडलं तरी चालतं. सोमवारी रात्री मात्र आधी स्कोअर पाहा, फरक तीन फ्रेमच्या आत असेल तर मॅच सहज तीन वाजेपर्यंत जाऊ शकते, तेव्हा सुट्टी सोमवारची नाही, मंगळवारची टाका. बहुतेक लोक सोमवारची टाकतात आणि मंगळवारी ऑफिसात डुलक्या घेत बसतात. फोन चार्जिंगला लावून ठेवा, मे महिन्यात आपल्याकडे रात्री लाइट कधी जाईल याचा नेम नाही.